मागचे तीन डबे

शेषरावांनी नकाशाची दोरी खिळ्याला अडकवली, खाली उतरून पाहिलं, आणि नकाशा डावीकडे कलल्याचं दिसताच पुन्हा स्टुलावर चढले. युरोप सरळ टांगणं काही सोपं काम नव्हतं. नकाशा शाळेचा, जुना, खालच्या दांडीचं टोक मोडलेला. त्यात मेहकरच्या हायस्कुलात दोनशे माणसं सतरंज्यांवर बसून त्यांची धडपड बघत होती.

"राहू दे बे शेषराव," व्यासपीठावरून हिंमतराव म्हणाले. "वाकडा त वाकडा. आपल्याले कुठी पुन्हा जायचं हाय तिकडं!"

सभा हसली. शेषरावही हसले आणि छडी घेऊन नकाशाशेजारी उभे राहिले.

हिंमतरावांनी बोलायचं आणि शेषरावांनी छडीनं गाव दाखवायचं, असं ठरलं होतं. खरं म्हणजे ठरवायची गरजच पडली नव्हती. डोणगावच्या शाळेत एका पाटीवर शिकल्यापासून हिंमतराव बोलत आले होते आणि शेषराव शेजारी उभे राहत आले होते. दोघांनी एकोणिसाव्या वर्षी, एकाच सप्ताहात, एकाच बुवांकडून तुळशीची माळ घेतली होती. हिंमतराव मॅट्रिक, घरचे मोठे जमीनदार. शेषराव पाच एकरांत कोबी, कांदा, वांगी काढणारे. त्रेसष्टच्या सप्टेंबरात सहकारी शेती बघायला म्हणून बारा शेतकऱ्यांचं मंडळ युरोपात गेलं, तेव्हा जिल्ह्यातून हे दोघे निवडले गेले. हिंमतरावांना इंग्रजी येतं म्हणून आणि शेषरावांचा कोबी प्रदर्शनात पहिला आला म्हणून.

त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. आजच्या भाषणानंतर चहा आणि चहानंतर नव्या भाजीपाला विक्री संघाच्या अध्यक्षाची निवड होती. लोकांनी आधी नाव काढलं होतं ते शेषरावांचं. त्यांनी हात जोडले. अध्यक्ष हिंमतरावच झाले पाहिजेत आणि नाव मीच सुचवणार, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. हिंमतरावांचं आपल्यावर मोठं ऋण आहे, असं ते म्हणत. कसलं, ते मात्र कधी सांगत नसत.

हिंमतराव रंगात आले होते. माणूस बोलायला लागला की ऐकत राहावं असा.

"डेन्मार्कात काय झालं, ऐका. आम्ही गाडीत बसलेले. समोर समुद्र. म्हटलं, आता उतरा लागते. त कोणी उठेच ना! इंजन काढलं अन् डबेच्या डबे ढकलले जहाजाच्या पोटात. जहाजात रूळ! आमचा शेषराव खिडकीची दांडी धरून नामस्मरण करून राह्यला."

शेषरावांनी छडी निळ्या पट्ट्यावर ठेवली. नामस्मरण त्यांनी केलं होतं हे खरं. हिंमतरावांनी त्यांचा दुसरा हात घट्ट धरला होता, हेही खरं. पण ते सांगायचं काम त्यांचं नव्हतं.

मग दोन वाजून सतरा मिनिटांनी म्हणजे सतराव्याच मिनिटाला सुटणारी गाडी सांगून झाली. संडासात पाणी नाही म्हणून कोटात लपवून नेलेला पितळी लोटा आणि तो उलटासुलटा करून वास घेणारा तिकीटतपासनीस झाला. बायकांच्या बाजूलाही पदर तोंडाला लागले. तिथं खांबाला टेकून शेषरावांच्या पत्नी मंजुळाबाई बसल्या होत्या. नवरा एवढ्या लोकांसमोर उभा म्हणून त्या मुद्दाम डोणगावहून आल्या होत्या.

"दाखव बे आता कोलोन."

शेषरावांचा हात जागीच थांबला. त्यांनी हिंमतरावांकडे पाहिलं. कोलोनचं गावात काढायचं नाही, असं दोघांत ठरलं होतं. झुरिकच्या स्टेशनावर हिंमतरावांनीच माळेला हात लावून तसं म्हटलं होतं. मंडळातले बाकीचे नगर-साताऱ्याकडचे. त्यांच्याकडून इकडे बातमी यायचा प्रश्न नव्हता. शेषरावांनी मंजुळाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

"अरे दाखव ना!"

छडी ऱ्हाईन नदीवर गेली.

"त आम्ही हॉलंडातून निघालेलो स्वित्झर्लंडले. आता हा आपला माळकरी माणूस. जेवणाची वेळ झाली की आजूबाजूचे लोक कागदातून काय काय काढत. याले ते पाहवे ना. मंग हा आपलं फडकं घेऊन पार मागच्या डब्यात जाये, तिथं रिकामी जागा पाहून पाव अन् मंजुळावहिनीची शेंगदान्याची चटणी खाये. त्या दिवशी असाच गेला. अन् तिकडच्या गाड्यायची गंमत अशी, की एका गाडीचे डबे एका गावाले जात नाईत. कोलोनले गाडी तुटते. समोरचे डबे स्वित्झर्लंडले, अन् मागचे तीन—"

हिंमतराव थांबले. लोकांना पुढचं कळलं होतं, आणि ते कळल्याच्या आनंदात सभा आधीच हसायला लागली होती.

"—व्हिएन्नाले! आमचा शेषराव चटणी खात खात चालला दुसऱ्याच देशात!"

शेषरावांचे कान तापले. माणसं मांड्यांवर हात मारून हसत होती. पुढच्या ओळीत बसलेल्या त्यांच्या व्याह्यांनी डोळे पुसले. शेषरावांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत होत्या.

त्या प्रवासाचं शेषरावांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पहिला तासभर त्यांचे हातपाय गार पडले होते. सोबतीची नदी नाहीशी झाली होती, ओळखीचा एक चेहरा नव्हता, आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी समोर येऊन बसली होती. तिच्या टोपलीत कोबीची रोपं होती. शेषरावांनी न राहवून एक रोप उचललं, मुळं बघितली आणि बोटांनी विचारलं, किती अंतरावर लावता? तिनं टीचभर दाखवलं. त्यांनी मान हलवून दोन टीचा दाखवल्या. ती भांडायला लागली. भाषा तिची तिला, यांची यांना; पण दोघं तास-दीड तास कोबीवर भांडली, हसली, आणि उतरताना तिनं त्यांच्या हातात दोन सफरचंदं ठेवली. बाहेर डोंगरापर्यंत भाजीचे मळे, उतरतं ऊन, आणि आपल्याला कुठे जायचं आहे हेच ठाऊक नसलेले शेषराव. इतकं सुख त्यांना उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर पोलिसांनी त्यांना उतरवलं. पासपोर्ट नव्हता, दोघांचेही पासपोर्ट हिंमतराव आपल्या कोटात ठेवत. एक रात्र आणि एक दिवस त्यांनी स्टेशनातल्या एका खोलीत काढला. तिसऱ्या दिवशी एका शिपायाबरोबर झुरिकला पोचवलं, तर फलाटावर हिंमतराव उभे. त्यांनी शेषरावांना मिठी मारली आणि लहान पोरासारखे रडले. 'तुले काई झालं असतं त वहिनीले काय तोंड दाखवलं असतं बे?' माझ्या हट्टापायी या माणसाच्या जिवाला दोन दिवस केवढा घोर लागला, असं शेषरावांना तेव्हा वाटलं. त्या म्हातारीची, त्या मळ्यांची गोष्ट मग त्यांनी गिळून टाकली. तो तिकडे रडत होता आणि मी इकडे सुखात होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

सभा अजून हसत होती, आणि हसणाऱ्या सभेला आणखी थोडं हसवल्याशिवाय हिंमतरावांना राहवत नाही.

"अन् खरी गंमत त पुढंच हाय! कोलोनले कंडक्टर माह्याजवळ आला. म्हणे, मागचे डबे आता तुटतात. तुमचा तो टोपीवाला दोस्त तिकडं बसला हाय. मी म्हटलं, बसू द्या साहेब, त्याले तिकडंच जायचं हाय!"

छप्पर उडायची पाळी आली. शेषरावही सवयीनं हसले, आणि ते हसू तोंडावर असतानाच त्यांना वाक्याचा अर्थ लागला. छडी नकाशावरून घसरली. पुढचं स्वित्झर्लंड हिंमतरावांनी छडीशिवायच उरकलं.

चहा शाळेच्या मागच्या अंगणात होता. हिंमतरावांभोवती माणसं होती, पाठीवर थापा पडत होत्या. शेषराव नळापाशी उभे राहिले. गर्दी जरा पांगल्यावर हिंमतराव स्वतःच दोन कपबश्या घेऊन आले.

"घे. काय बे, रागावला का? लोक किती खुश झाले, पाह्यलं ना?"

"कंडक्टर खरंच आला होता?"

"सभेत थोडा रंग भरा लागते."

"आला होता का नाई?"

हिंमतरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "हाव. आला होता."

"मंग गाडी किती वेळ उभी होती?"

"असन दहा-बारा मिनिटं. आता त्याचं काय?"

"माहा डबा सहा डबे मांगं होता."

सहा डबे चालत यायला किती वेळ लागतो हे दोघांनाही माहीत होतं. शेषराव रोज जेवायला तेवढंच चालत होते.

"गंमत केली बे. मले वाटलं, एखादं टेसन जाईन अन् येईन वापस."

"पासपोर्ट तुह्यापाशी होता."

"ते ध्यानातच नाई राह्यलं. मायची आन."

शेषरावांनी कप नळाच्या कठड्यावर ठेवला. चहा तसाच होता. "हिंमत," ते म्हणाले, "गंमत करणारा माणूस फलाटावर तसा रडत नाई. काय झालं होतं, ते सांग."

हिंमतरावांनी इकडे-तिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"तुले राग येईन."

"सांग."

"तीन आठवडे झाले होते आपल्याले निघून. सकाळी पाव, संध्याकाळी पाव. समोर लोक काय काय खाऊन राह्यले, वास येऊन राह्यला. मले खावं वाटे बे. झुरिकले मोठी मेजवानी होती, मटन, दारू, सारं. अन् तू बाजूले. तू काई म्हणत नोता. म्हटलं असतं त भांडलो तरी असतो. तू निसता पाहे. तो कंडक्टर आला, अन् माह्या तोंडातून निघून गेलं. वाटलं, दोन दिवस हा माणूस नजरेआड असू दे. दोनच दिवस."

"खाल्लं?"

"खाल्लं."

"माळ घालून?"

"नाई नाई!" हिंमतराव घाईनं म्हणाले, जणू तेवढी एक गोष्ट तरी आपण नीट केली होती. "काढून ठेवली होती. कोटाच्या आतल्या खिशात."

तो खिसा शेषरावांच्या चांगल्या ओळखीचा होता. मंडळ कुठेही गेलं की हिंमतराव त्याच खिशातून दोघांचे पासपोर्ट काढत आणि शेषरावांचा फोटो बघून दरवेळी तीच थट्टा करत. माळ ठेवायला हात आत गेला तेव्हा त्या हाताला ते पासपोर्ट लागले नसतील, असं होणं शक्य नव्हतं. हिंमतरावांनाही आपण काय बोलून बसलो ते कळलं. त्यांनी बशी तोंडाला लावली. ती रिकामी होती.

"आता हे कोणाले सांगू नको बे," ते म्हणाले. "लोक माळेवर विश्वास ठेवतात."

शेषरावांना वाटलं, याच्या कानाखाली वाजवावी. सत्तेचाळीस वर्षांत प्रथमच वाटलं. इतके दिवस आपण चुकलो, आपण हट्टी, आपल्यामुळे हा रडला असं मानत ते या माणसाला मान देत आले होते. कोबीचा पहिला गड्डा त्याच्या घरी, कुठल्याही सभेत पहिली खुर्ची त्याला, अध्यक्षपदही त्यालाच. आणि याला ते सगळं बिनदिक्कत घेता आलं होतं.

आत घंटा झाली.

हेडमास्तर माणिकरावांनी सभेचं काम सुरू केलं. संघाचे उद्देश वाचून दाखवले. मग म्हणाले, "अध्यक्षपदासाठी नाव सुचवायला शेषरावांना विनंती करतो."

शेषराव उठले. मागच्या कुणीतरी, "व्हिएन्नाले जाऊ नका बरं!" असं म्हटलं आणि पुन्हा हशा पिकला. तो ओसरेपर्यंत शेषराव थांबले. व्यासपीठावर हिंमतराव ताठ बसले होते. त्यांचा हात सदऱ्याच्या गळ्याशी, माळेवर गेला आणि तिथंच राहिला.

शेषराव एका वाक्यात त्या हाताला ती माळ उतरवायला लावू शकले असते. खरंतर सभा त्यासाठीच जमली आहे असं क्षणभर त्यांना वाटलं. पुढच्या ओळीतले निम्मे लोक माळकरी होते. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? हा माणूस एका मेजवानीसाठी मला परक्या मुलखात सोडून गेला, हे दोनशे माणसांसमोर आपल्याच तोंडानं म्हणायचं? हिंमतरावांची लाज निघाली असती, पण सोडून दिलेला माणूस म्हणून सगळे शेषरावांकडेच बघत बसले असते.

"मी हिंमतरावांचं नाव सुचवतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या झाल्या. ऋण, मैत्री वगैरे दोन शब्द बोलतील म्हणून माणिकराव वाट बघत राहिले. मग त्यांनी अनुमोदनासाठी पुढचं नाव पुकारलं.

उन्हं उतरायच्या सुमाराला शेषराव आणि मंजुळाबाई मेहकरच्या मोटार स्टँडवर डोणगावच्या गाडीची वाट बघत उभे होते. हिंमतरावांच्या जीपमध्ये जागा होती. माणूस दोनदा बोलवायला आला. शेषराव दोन्ही वेळा 'नको' म्हणाले, आणि मंजुळाबाईंनी एकदाही 'का' विचारलं नाही.

काहीतरी बोललं पाहिजे असं शेषरावांना वाटलं. एवढ्या लोकांत आपल्या नवऱ्याला हसलेलं तिनं ऐकलं होतं. आणि ते आपण तिच्यापासून लपवलं, हेही तिला कळलं होतं.

"गंमत केली त्यानं," ते म्हणाले. "मनावर घेऊ नको. असं काई मोठं झालं नोतं."

मंजुळाबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मले माहीत होतं."

"काय?"

"डब्याचं. कंडक्टरचं. त्यायनं तिकडं काय खाल्लं, तेई."

शेषरावांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती.

"कोणं सांगतलं?"

"पुष्पाबाईनं. गेल्या अखजीले." पुष्पाबाई म्हणजे हिंमतरावांची बायको. "तिच्यापाशी बोलून गेले होते ते. तिच्यानं सोसवे ना, म्हून माह्यापाशी येऊन रडली. म्हणे, तुह्या नवऱ्याचं काई बरंवाईट झालं असतं त मी काय केलं असतं?"

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, मे महिन्यात झाली होती. आता जानेवारी लागला होता. आठ महिने. शेषरावांनी त्या आठ महिन्यांत हिंमतरावांविषयी घरात काय काय म्हटलं होतं, ते त्यांना एकेक आठवायला लागलं. रोज संध्याकाळी ताटावर बसून म्हटलं होतं. ती समोर बसून वाढत होती.

"दिवाळीत भाऊबीजेले त्याले ओवाळलं तू," ते म्हणाले. "माह्या घरात. माह्यासमोर."

"हाव."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?"

सांगावं की नाही, याचा विचार मंजुळाबाईंना आता करायचा नव्हता. तो त्यांनी आठ महिन्यांपूर्वीच करून टाकला असावा.

"तुमाले त्यायच्याबिगर दुसरा कोन होता?" त्या म्हणाल्या.

गाडी आली. धूळ खाली बसायच्या आतच माणसं दाराशी गोळा झाली. मंजुळाबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून धरली आणि शेषराव आत चढल्यावर पिशवी मांडीवर घेतली. शेषराव त्या बाकापर्यंत आले. वरची दांडी धरून उभे राहिले.

तिकिटं फाडत कंडक्टर आला. "बसा ना बुवा," तो म्हणाला. "जागा हाय की वहिनीपाशी."

"असू दे," शेषराव म्हणाले. "मले लांब नाई जायचं."

डोणगाव यायला अजून पाऊण तास होता. मंजुळाबाईंनी ती जागा पुढे कुणाला दिली नाही, आणि शेषरावही बसले नाहीत.